ती तीन अक्षरं वडिलांना वाचू दिलीत, नाना

नाना, साष्टांग नमस्कार.

आमचा जुना मोडी कागद वाचून दिलात, त्याचे फोनवर आभार मानायला गेलो की तुम्ही "चहा पाजला ना, फिटलं" म्हणता आणि फोन ठेवून देता. म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय. आता मध्येच तोडता येणार नाही.

आमचं आडनाव गुजराथी. घरात बोलणं अहिराणी, जेवणात कळण्याची भाकरी. चार पिढ्या अमळनेर तालुक्यात गेल्या, पण गुजरातेत एक ओळखीचा उंबरा नाही. हे आडनावही आमचं नव्हेच. गावाने ज्या नावाने हाक मारली तेच दप्तरात चढलं. मागचं काय होतं ते पणजोबांबरोबर गेलं. आजी एवढंच सांगायची, "गुजरातमाईन उनात, छप्पन्याना दुस्काळमा." म्हणजे गुजरातेतून आले, छप्पन्नच्या दुष्काळात. छप्पन्न म्हणजे विक्रम संवत १९५६, इंग्रजी १८९९-१९००. विधवा आई, आठेक वर्षांचा मुलगा, म्हणजे माझे पणजोबा, आणि तापीच्या काठाकाठाने चालत येणं. खानदेशातही तेव्हा दुष्काळच होता. उपाशी मुलखातून उपाशी मुलखात का आले असतील, हे आजीला कुणी विचारलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

आजोबांच्या अस्थी घेऊन नाशिकला रामकुंडावर गेलो तेव्हा उपाध्यायांनी मूळ गाव विचारलं. त्यांच्या वंशावळीच्या वह्या गाव आणि आडनावावर चालतात. वडील म्हणाले, "अमळनेर." उपाध्याय म्हणाले, "ते हल्लीचं. मूळ?" वडील गप्प. परतीच्या गाडीत मनमाडपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत.

आमच्याकडे होता तो एकच कागद. पत्र्याच्या पेटीत तळाशी, घडीवर फाटलेला, मोडी लिपीतला. त्या कागदाने आम्हाला किती दारं दाखवली ते तुम्हाला पूर्ण सांगितलं नव्हतं. एका कार्यालयात "मोडी इथे कुणाला येत नाही, पुढच्या सोमवारी या" असं तीन सोमवार ऐकलं. एका जाणकाराने कागद आठ महिने ठेवून घेतला आणि "दुधाचा हिशेब आहे" म्हणून परत दिला. तिसरा तर कहर. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी वाचणाऱ्यांना भाव आला, ते योग्यच आहे, विद्येचे पैसे मिळावेत. पण या गृहस्थाने पाच हजार घेतले आणि कागद न उलगडताच रंगीत वंशावळ छापून दिली. त्यात आम्ही थेट एका राजघराण्याचे निघालो! वडिलांनी ती पाहिली आणि विचारलं, "राजाना पोऱ्या मजुरी कसाले करी?" वंशावळ गुंडाळून माळ्यावर टाकली.

मग धुळ्याला, जुने कागद जपणाऱ्या राजवाडे संशोधन मंडळात चौकशीला गेलो आणि बाहेरच्या बाकावर तुम्ही भेटलात. तुम्ही तिथले कुणी नव्हतात. निवृत्त शिक्षक, आपल्या कामासाठी आलेले. कागद मागितलात, उन्हाकडे धरलात आणि म्हणालात, "गहाणखत आहे. घरी या रविवारी. वडिलांना आणा."

वडिलांना का, ते मला तेव्हा कळलं नाही.

रविवारी भिंग लावून तुम्ही अर्धा तास मनातल्या मनात वाचत होतात. मी घायकुतीला आलो होतो. शब्दांत जागा सोडलेली नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, आधी ओढलेल्या रेघेखाली अक्षरं एकमेकांना धरून चाललेली. मला ती मुंग्यांची रांग वाटत होती. तुमचं वाचून झालं हे तुमच्या चेहऱ्यावरून कळलं. आता सांगाल असं वाटलं, तर तुम्ही एक जुनी लग्नपत्रिका घेतलीत, तिच्या पाठीवर तीन अक्षरं मोडीत मोठी काढलीत आणि वडिलांसमोर ठेवलीत. "हे असं लिहितात. आता या कागदात हे कुठे आहे ते तुम्ही शोधा."

वडील ७९ वर्षांचे, शाळा चौथीपर्यंत, दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं. मला तुमचा रागच आला होता, आज कबूल करतो. ते एकेका ओळीवरून बोट सरकवत होते. चुकीच्या जागी दोनदा थांबले. तुम्ही "नाही" म्हणाला नाहीत, फक्त थांबलात. पाचव्या ओळीत बोट थांबलं ते उठलंच नाही. "हाऊ मना बापना बाप," ते म्हणाले. काकूंनी आणलेला चहा तसाच गार झाला.

नाना, ते नाव तुम्ही वाचून दाखवलं असतं तर आम्हाला माहिती मिळाली असती. पण आयुष्यात कुणी मदत केली तेव्हा वडिलांना खाली बघावं लागलं आहे. रेशनच्या रांगेत, बँकेत, त्या रामकुंडावरही. तुमच्या घरून ते मान वर करून निघाले.

उरलेलं तुम्ही वाचलंत. सन १९२३, पणजोबांचं वय ३२, धंदा मजुरी, गुरांचा गोठा गहाण. हल्ली राहणार जिल्हे पूर्व खानदेश, मूळ राहणार तालुका विसनगर, प्रांत कडी, इलाखा गायकवाड सरकार, म्हणजे तेव्हाचं बडोदा संस्थान, आजचं गुजरात. आणि गाव? तिथेच कागदाची घडी. मी लगेच मोबाईलवर विसनगर तालुक्यातली गावं काढून "हे असेल का, ते असेल का" सुरू केलं. विसनगर तांब्याच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आणि आमच्याकडे एक जुना तांब्याचा हंडा आहे, तेही सांगून टाकलं. तुम्ही म्हणालात, "हंडा बाजारातून कुठूनही येतो. पहिलं अक्षर 'क' दिसतं, पुढची दोन गेली. मी अंदाज लिहिणार नाही." आणि तुमच्या सुवाच्य देवनागरी प्रतीत त्या जागी तीन टिंबं दिलीत. राजघराण्याची वंशावळ देणाऱ्याने एकही जागा मोकळी सोडली नव्हती. असं निमूटपणे थांबणारं माणूस आता पाहायला मिळत नाही, की आम्हीच चुकीच्या दारांत फिरत होतो, देव जाणे.

पैशांचं पाकीट तुम्ही परत माझ्या खिशात कोंबलंत. वडिलांनी ती लग्नपत्रिका मागून घेतली. आता ती गहाणखताबरोबर पेटीत आहे. रोज संध्याकाळी ते नातीला ती तीन अक्षरं गिरवायला लावतात, आणि ती बिचारी शाळेचा अभ्यास सोडून गिरवते.

दिवाळीनंतर विसनगरला जायचं ठरलं आहे. तिथे कुणी ओळख दाखवेल अशी आशा नाही. वडिलांना तिथली माती बघायची आहे, एवढंच.

आणि हो, गडबडीत तुमचं भिंग आमच्या पिशवीत आलं. पोस्टाने पाठवणार नाही. चंपाषष्ठीला भरीत-भाकरीला काकूंना घेऊन या, तेव्हा देतो. नाही आलात तर भिंग आमचंच.

तुमचा,
अमळनेर तालुक्यातला, मूळ राहणार तालुका विसनगर