मित्राची गाडी घेतोयस तर आधी नावावर करून घे

बाळा,

काल फोनवर म्हणालास की मित्राची स्विफ्ट तीन लाख वीस हजाराला ठरली, तो पुढच्या महिन्यात जर्मनीला चाललाय आणि कागदांचं नंतर बघू, आपल्यातलाच आहे. ते "नंतर बघू" रात्रभर डोक्यातून गेलं नाही म्हणून लिहितोय, पूर्ण वाच.

तू लहान होतास तेव्हा मी आपली स्कूटर ऑफिसातल्याच एकाला विकली होती. कॅन्टीनच्या टेबलावर टीटी फॉर्मवर, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या कागदांवर, सह्या केल्या, तारखेची जागा कोरी, तो म्हणाला आरटीओत मी जाऊन येतो, मी म्हटलं रोजचा माणूस आहे. त्याने ती पुढे दुसऱ्याला दिली, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि चार वर्षांनी दारात कोर्टाचं समन्स, स्कूटरने एका म्हाताऱ्या माणसाला उडवलेलं आणि इन्शुरन्स कधीच संपलेला. आरसी बुकावर नाव माझं. दोन वर्षं तारखांना जात होतो, तुझ्या आईने तेव्हा बांगड्या मोडायला काढल्या होत्या, हे तुला कधी बोललो नाही. त्या मित्राशी बोलणं तुटलं ते आजतागायत.

सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये स्पष्टच सांगितलंय, आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, मधे गाडी कितीही हात फिरलेली असो, भरपाई त्याच्याच गळ्यात. म्हणजे उद्या तुझ्या हातून काही झालं तर नोटीस त्या पोराच्या आईवडिलांच्या दारात जाईल. तुझ्यापेक्षा त्याला जास्त धोका आहे रे, म्हणून त्याच्यासाठी तरी कर.

गाडी नावावर करायचे फॉर्म 29 आणि 30 तो जायच्या आधीच भरा, तारखेसकट. गाडीला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो, तो तिकडे गेला आणि सिम बंद झालं की तू अडकलास. गाडीवर लोन होतं ना, मग बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 घेऊन कर्जाचा बोजा उतरवलाय का ते आरसीवर स्वतः बघ, "फेडलंय" एवढ्यावर जाऊ नकोस. जुनी ई-चलनं गाडी नंबर टाकून बघ आणि ती त्यालाच भरू दे.

पैसे बँकेतूनच दे. दोन लाख किंवा त्यावर कॅश घेतली तर इन्कम टॅक्सचा दंड घेणाऱ्याला, म्हणजे परत त्यालाच.

इन्शुरन्स 14 दिवसांत नावावर करायला टाक, थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचं कव्हर, आपोआप तुझ्याकडे येतं पण तुझ्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम पॉलिसी त्याच्या नावावर असताना अडकतो. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, त्याचा त्याच्याकडेच राहतो, तेवढा फरक तुला भरावा लागेल, त्यावरून त्याच्याशी घासाघीस करू नकोस. फास्टॅग त्याचा त्याला बंद करू दे, तू नवीन घे.

आणि चावी घेताना साध्या कागदावर डिलिव्हरी नोट करा, दोन प्रती. तारीख, वेळ अगदी मिनिटासकट, किलोमीटर, चासी नंबर, इंजिन नंबर, आणि या वेळेआधीचं सगळं त्याचं, नंतरचं तुझं. खाली दोघांच्या सह्या. हा कागद आरसीच्या जागी चालत नाही पण तुमच्या दोघांत उद्या वाद नको.

त्याला सांगताना लाज वाटत असेल तर माझं नाव पुढे कर, म्हण बाबा ऐकत नाहीत. शनिवारी सकाळच्या गाडीने मी येतोय, आरसी आणि पॉलिसीचे फोटो त्याआधी पाठव.

बाबा