आई-बाबा, फेब्रुवारीत अंदमानला जायचंय

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नका, इकडे सगळं ठीक आहे. फोनवर हा विषय काढला की आई ‘आजीचं दूध तापत ठेवलंय’ म्हणून उठते आणि बाबा ‘बघू’ म्हणतात, म्हणून लिहून पाठवतेय. मी तिकिटं काढली आहेत. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आपण अंदमानला जातोय, तुम्ही दोघं, दादा आणि मी. आधी विचारलं असतं तर हेही वर्ष गेलं असतं.

बाबांची अँजिओप्लास्टी चालू होती तेव्हा आई माझ्याशेजारी बाकावर बसून होती. बराच वेळ गप्प होती आणि मग म्हणाली, “यांना सावरकरांची कोठडी बघायची होती गं.” बाबा, हे तिनं तुम्हाला सांगितलं नसेल. पोस्टातले तुमचे सगळे सोबती एलटीसीच्या प्रवास सवलतीवर अंदमान करून आले. आपली एलटीसी दादाच्या बारावीत गेली, मग माझ्या, मग आजीच्या खुब्यात. कुणाला बोल लावत नाही मी. पण आता तुमची तब्येत सावरली आहे, आईचे गुडघे अजून साथ देतायत, डॉक्टरही जा म्हणाले. मी स्वतः त्यांच्याशी बोलले. विमान चालेल, जिने चालतील, फक्त दमानं, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

आजीचं आधी सांगते, कारण तुमचा जीव तिथंच अडकणार. आत्या येऊन राहणार आहे. मी गळ घातली नाही, तीच म्हणाली, “मला माझ्या आईजवळ चार दिवस राहू दे की.” रात्रीच्या मावशी आहेतच. दुधात कुस्करलेली भाकरी, कानटोपी, रेडिओ, सगळं आत्याला ठाऊक आहे. बाबा, आजीला सोडून जाताय असं मनात आणू नका. ती तिच्या लेकीजवळ असेल.

आता प्रवास. पुण्याहून चेन्नई आणि तिथून पोर्ट ब्लेअर. सरकारी नाव आता श्री विजयपुरम झालंय, तिकिटावर काहीही दिसलं तरी गोंधळू नका. चेन्नईहून पुढचं विमान दोन-सव्वादोन तासांचं. मी आदल्या दिवशी घरी येतेय, साताऱ्याहून गाडीनं एकत्रच निघू. आई, विमानतळावर तुझ्यासाठी व्हीलचेअर सांगितली आहे. तुला ते आवडणार नाही, माहितेय. पण तिथं आत खूप चालावं लागतं आणि तुझे गुडघे मला वाळूसाठी राखून ठेवायचेत.

फेब्रुवारी मुद्दाम धरलाय. तेव्हा पाऊस नसतो आणि समुद्र शांत असतो. पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉक बेटावर बोटीनं दीड ते अडीच तास लागतात. रेवसच्या लाँचमध्ये आईचं काय झालं होतं ते लक्षात आहे, त्यामुळे डॉक्टरांना विचारून गोळी आणून ठेवली आहे. निघायच्या आधी घ्यायची, वर आवळासुपारी. आणि आई, २००४ च्या त्सुनामीचं तू विचारणारच. त्यानंतर, २००७ पासून, हैदराबादला आपल्या देशाचं त्सुनामीचा इशारा देणारं केंद्र चालू आहे. मी सगळं बघूनच ठरवलंय.

हॅवलॉकमधली खोली तळमजल्यावर घेतली आहे. कमोड आहे, गरम पाणी आहे. खोलीत किटली असते का तेही विचारलं, म्हणजे बाबांचा पाचचा चहा चुकायचा नाही. तिकडे आपल्यापेक्षा तासभर आधी उजाडतं, पावणेसहाला बाबा फिरायला निघू शकतील. संध्याकाळही तशीच लवकर होते, साडेपाचच्या सुमाराला सूर्य बुडतो. म्हणून राधानगर बीचवर साडेतीनलाच जाऊन बसायचं. पांढरी, सपाट वाळू आणि मागं उंच झाडांची दाट सावली. २०२० मध्ये त्या किनाऱ्याला ब्लू फ्लॅग मिळालाय. म्हणजे पाणी तपासलेलं असतं, जीवरक्षक असतात आणि आई, स्वच्छ बाथरूमही असतात.

तुला हर्णै आठवतं का? आम्ही सगळे पाण्यात आणि तू वाळूत, मांडीवर सगळ्यांची घड्याळं, खांद्यावर टॉवेल, भोवती चपलांचा ढीग. मी ओल्या अंगानं धावत आले की तू पदरानं माझे कान पुसायचीस आणि मी पुन्हा पळायचे. तू घोट्याच्या वर कधी भिजलीच नाहीस. यावेळी चपला मी सांभाळीन. तू दादाचा हात धरून गुडघाभर पाण्यात जा.

पोर्ट ब्लेअरला एक अख्खा दिवस बाबांचा. सेल्युलर जेलच्या सातांपैकी तीनच इमारती आता उभ्या आहेत. १९११ मध्ये सावरकरांना तिथं नेलं, त्यांची कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे. बाबा, प्रत्येक वळणावर थांबायचं, दादा बरोबर असेल. वर गेल्यावर हवा तेवढा वेळ आत उभे राहा, कुणी घाई करणार नाही. ते खिडकीवजा झरोके, खालचा तो कोलू, ज्यावर माणसांना जुंपून तेल काढून घेत, हे तुम्ही आम्हाला जेवताना इतक्यांदा सांगितलंय की तिथं मला तुमच्याकडूनच ऐकायचंय, गाइड नको. दुसऱ्या दिवशी रॉस बेटावर जाऊ. इंग्रजांच्या पडक्या घरांवर झाडांच्या मुळ्या चढल्यात आणि हरणं माणसांच्या जवळ येतात.

बाराटांगच्या गुहा मी यादीतून काढल्या. रात्री उठून निघावं लागतं, हे एक कारण. पण खरं कारण हे की तो रस्ता जारवा आदिवासींच्या जंगलातून जातो. गाड्यांचा ताफा करून कुणाच्या घरातून जायचं आणि ते दिसतात का म्हणून काचेतून बघायचं, हे मला पटत नाही. बाबा, तुम्हालाही पटणार नाही.

आता नीट ऐका. बाबांची औषधं दोन ठिकाणी ठेवायची, निम्मी हातातल्या पिशवीत, निम्मी माझ्याकडे. डॉक्टरांची चिठ्ठी आणि डिस्चार्जचा कागद बरोबर हवाच, कारण मोठं सरकारी रुग्णालय पोर्ट ब्लेअरलाच आहे, हॅवलॉकला फक्त छोटं केंद्र. आई, सुती पंजाबी ड्रेस घे, ओली साडी पाण्यात जड होते. चिवडा-लाडवांचे डबे भरत बसू नकोस, तिथं शाकाहारी जेवण मिळतं, चतुर्थीला शहाळी आणि केळी आहेत. फार तर मेतकूट घे. आणि तुळशीसाठी म्हणून तिथला एकही शंख किंवा पोवळ्याचा तुकडा उचलायचा नाही. कायद्यानं बंदी आहे, विमानतळावर बॅगा तपासतात. रागावू नकोस, आधीच सांगून ठेवते.

दोघांच्या आधार कार्डांचे फोटो आज दादाकडे द्या, बोटीच्या तिकिटांना लागतात. मी रविवारी सकाळी फोन करीन. आत्यानं कुठल्या वारी यायचं, तेवढंच त्या दिवशी ठरवू.

तुमची,
चिमू

ता. क. बाबा, पासबुक काढून बसू नका. पैसे दादानं आणि मी निम्मे निम्मे भरले आहेत. तुमची रोजची गोळी जेवणानंतर, आधी नाही.