बारा आठवड्यांची हमी देणाऱ्या सभागृहास खुले पत्र

मा. पीठासीन अधिकारी,
स्कॉटिश संसद, हॉलीरूड, एडिनबरो

सविनय नमस्कार.

माझ्या पतीच्या खुब्याच्या सांध्याची शस्त्रक्रिया पुन्हा लांबणीवर पडल्याचे पत्र गेल्या आठवड्यात आले. पत्र एका पानाचे आहे. त्यात गैरसोयीबद्दल दिलगिरी आहे, दुखणे वाढल्यास जीपीला, म्हणजे नेहमीच्या फॅमिली डॉक्टरला, भेटावे असा सल्ला आहे, नवी तारीख मात्र नाही. आणि अगदी शेवटी, कायद्याने दिलेली १२ आठवड्यांची हमी पाळता आली नाही, अशी कबुली देणारी एक ओळ आहे. त्या ओळीमुळे मी आपल्याला लिहीत आहे, कारण ती हमी रुग्णालयाने दिलेली नव्हती. आपण ज्या सभागृहाचे कामकाज चालवता, त्या सभागृहाने ती कायदा करून दिली होती.

या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे वेगळी पाठवली आहे. मराठीत ते उघडपणे प्रसिद्ध करते आहे, कारण ग्लासगो, एडिनबरो, ॲबर्डीन इथे राहणाऱ्या कितीतरी मराठी माणसांना आपल्याला या संसदेसाठी मत देता येते हेच माहीत नसते. राष्ट्रकुलातील देशाचे नागरिक म्हणून इथे वैध वास्तव्य असलेल्या भारतीयांना हा अधिकार आहेच, आणि २०२० च्या कायद्याने तो वैध वास्तव्य असलेल्या इतर परदेशी नागरिकांनाही मिळाला. मी इथली मतदार आहे आणि या संसदेने ठरवलेल्या दराने आयकर भरते. तेव्हा हे पत्र म्हणजे पाहुण्याची कुरकूर आहे, असे कृपया कोणी समजू नये.

२०११ साली या संसदेने रुग्णांच्या हक्कांचा कायदा संमत केला. आरोग्य खाते तेव्हा निकोला स्टर्जन यांच्याकडे होते. रुग्णालयात दाखल करून किंवा दाखल केल्या दिवशीच घरी सोडून जे नियोजित उपचार होतात, ते रुग्णाने संमती दिल्यापासून १२ आठवड्यांच्या आत सुरू झाले पाहिजेत, अशी हमी या कायद्याने दिली आणि १ ऑक्टोबर २०१२ पासून ती लागू झाली. मी वकील नाही, पण कायदा मुळातून वाचला. हमी मोडली तर आरोग्य मंडळाने, म्हणजे त्या भागातली सरकारी आरोग्यसेवा चालवणाऱ्या संस्थेने, पुढच्या पहिल्या संधीला उपचार होतील अशी व्यवस्था करावी, उशिराचे कारण सांगावे आणि तक्रार कशी करायची याची माहिती द्यावी, एवढेच त्यात आहे. त्याच कायद्यात पुढे असेही नमूद आहे की, यातील कोणत्याही तरतुदीच्या आधारे नुकसानभरपाई मागता येणार नाही आणि उपचार करायला मंडळाला भाग पाडावे असा दावाही लावता येणार नाही. हक्क ज्या कायद्याने दिला, त्याच कायद्याने तो हक्क बजावण्याची वाट बंद केली. दुखऱ्या माणसाच्या हातात असा कागद देणे ही फसवणूक आहे, असे मी पूर्ण जबाबदारीने म्हणते.

त्यानंतर काय झाले, ते आपल्या सभागृहाच्या कामकाजाच्या नोंदींतच आहे. जुलै २०२२ मध्ये सरकारने नवी उद्दिष्टे जाहीर केली: शस्त्रक्रियेसाठी दोन वर्षांहून अधिक प्रतीक्षा बहुतेक विभागांत सप्टेंबर २०२२ पर्यंत संपेल, दीड वर्षाहून अधिक प्रतीक्षा सप्टेंबर २०२३ पर्यंत आणि एका वर्षाहून अधिक प्रतीक्षा सप्टेंबर २०२४ पर्यंत. त्या मुदती आल्या आणि गेल्या, रांगा राहिल्या. मग जानेवारी २०२५ मध्ये प्रथम मंत्री, म्हणजे स्कॉटिश सरकारचे प्रमुख, जॉन स्विनी यांनी सांगितले की मार्च २०२६ पर्यंत कोणालाही १२ महिन्यांहून अधिक काळ थांबावे लागणार नाही. कायद्यात १२ आठवडे, भाषणात १२ महिने. कायद्यातली मुदत कोणी बदलली नाही, ती बदलावी म्हणून सभागृहात मतदान झाले नाही. आश्वासने देता देताच आठवड्यांचे महिने झाले आणि ते ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्यात काही विपरीत वाटले नाही. माझी मुख्य तक्रार हीच आहे.

आमच्या मतदारसंघाच्या सदस्यांनी या विषयावर तोंडी प्रश्न विचारण्यासाठी नाव दिले होते. खातेनिहाय प्रश्नांसाठी सदस्यांची निवड सोडत काढून होते, हे आपण जाणताच; त्यांचे नाव निघाले नाही. मग त्यांनी लेखी प्रश्न दिला. लेखी प्रश्नाला साधारणतः कामकाजाच्या १० दिवसांत उत्तर मिळायला हवे, तसे ते मिळालेही, आणि त्याचा सारांश असा होता की प्रत्यक्ष उपचारांचे नियोजन ही आरोग्य मंडळाची बाब आहे. मंडळाकडे गेल्यावर कळले की निधी ही सरकारची बाब आहे. तरीही, आरोग्य खात्याच्या प्रश्नांची पाळी होती त्या बुधवारी मी रजा काढून ग्लासगोहून आले आणि दुपारी दोनच्या आधीच प्रेक्षक सज्जात जाऊन बसले.

सभागृह सुंदर आहे. अर्धवर्तुळात मांडलेली बाके, वर ओकच्या तुळयांचे जाळे, खिडक्यांतून येणारा उजेड; इथे लोकांना आत येऊन बसू देतात, याचे मला मनापासून कौतुक आहे. प्रश्न वेळेवर सुरू झाले आणि चांगले, नेमके प्रश्न विचारले गेले. अमुक मंडळात किती जण एका वर्षाहून अधिक काळ थांबले आहेत, असा प्रश्न आला की उत्तरात सरकारने यंदा किती निधी दिला ते यायचे. हमी का मोडली असे विचारले की कर्मचाऱ्यांचे आभार मानले जायचे. डॉक्टर आणि परिचारिका यांच्याबद्दल मलाही आदर आहे, त्यांनीच माझ्या पतीला धीर दिला. पण आभार हे उत्तर नव्हे. उपप्रश्न झाला, त्यालाही तसेच उत्तर आले, आणि घड्याळाकडे पाहून पुढचा विषय घेण्यात आला. मंत्र्यांच्या उत्तराचा आशय हा पीठासीन अधिकाऱ्यांच्या अखत्यारीत येत नाही, हे वाक्य या सभागृहात इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की सज्जात बसणाऱ्यालाही ते पाठ व्हावे.

पुढे चर्चा झाली, आणि पाच वाजता निर्णयाची वेळ आली. ठरावाला सरकारची सुधारणा येते, तीत मूळ ठरावातला बोचणारा मजकूर गाळून त्याजागी सरकारने केलेल्या कामाचा उल्लेख घालण्यात येतो, सदस्य आपापल्या पक्षाप्रमाणे बटण दाबतात आणि आकडे पडद्यावर झळकतात. ही पद्धत नियमाला धरून आहे, हे मला मान्य आहे. पण त्या दिवशी पहिल्या प्रश्नापासून शेवटच्या मतापर्यंत, संसदेने स्वतः केलेला कायदा पाळला जात आहे की नाही आणि नसेल तर पुढे काय करायचे, हा विषय ठरवून घ्यायला वेळच राखून ठेवलेला नव्हता. कायदे करायला तीन टप्प्यांची शिस्तबद्ध रीत आहे. केलेला कायदा वर्षानुवर्षे मोडत राहिला, तर मात्र कोणाच्या सोडतीत नाव निघते यावर सारे अवलंबून आहे.

आता थोडे माझ्या घराविषयी, कारण वेटिंग लिस्ट म्हणजे काय हे सज्जातून दिसत नाही. माझे पती बस चालवत होते. आम्ही ग्लासगोतल्या जुन्या दगडी इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. फिजिओथेरपिस्टने शिकवल्याप्रमाणे ते चढताना चांगला पाय आधी टाकतात आणि उतरताना दुखरा पाय आधी, एक हात कठड्यावर आणि दुसऱ्या हातात काठी, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवून. खालच्या मजल्यावरच्या आजीबाई त्यांना वाट देण्यासाठी दार उघडून आत सरकतात, आणि माझ्या पतीला ते फार लागते. पायमोजे मी घालून देते. रात्री कूस बदलली की कळ येते, म्हणून ते बऱ्याचदा खुर्चीतच झोपतात. गोळ्यांमुळे गुंगी असते. तशा अवस्थेत बस चालवता येत नाही आणि चालवूही नये. कामगाराला कायद्याने मिळणारे आजारपणाचे वेतन २८ आठवडे मिळते आणि मग थांबते. वेतनाचा तो हिशेब लंडनने, म्हणजे ब्रिटिश सरकारने, काटेकोरपणे पाळला. एडिनबरोच्या १२ आठवड्यांचा हिशेब कोणी पाळत नाही. दोन मुदतींच्या मध्ये सापडलेले कुटुंब एकाच पगारावर घरभाडे आणि हीटिंगचे बिल कसे भरते, हे विचारणारा प्रश्न त्या बुधवारच्या यादीत नव्हता.

आम्हाला जो तो सांगतो की पुण्याला जा आणि ऑपरेशन करून या. खासगीत इथे तेच करायला चौदा-पंधरा हजार पौंड लागतात. पुण्यात त्याच्या कितीतरी कमी खर्चात होईल, हे खरे आहे, आणि आमच्या ओळखीतले काही जण तसे करून आलेही आहेत. पण मग आम्ही इथे कशासाठी पैसे भरतो? व्हिसावर होतो तेव्हा आरोग्य अधिभार म्हणून माणशी वर्षाला ६२४ पौंड आगाऊ भरले. ६ फेब्रुवारी २०२४ पासून नव्याने येणाऱ्यांना तो १,०३५ पौंड झाला आहे. हे पैसे भरल्याखेरीज व्हिसाचा अर्ज पुढे सरकत नाही, पगारातून कर आणि राष्ट्रीय विमा कापला जातो तो वेगळाच. व्हिसा आणि अधिभार लंडनच्या हातात, आरोग्यसेवा एडिनबरोच्या हातात. २०२३ मध्ये फाइफ आणि इन्व्हरनेस इथे नियोजित शस्त्रक्रियांची केंद्रे उघडली तेव्हा आम्हाला आशा वाटली होती. २०२४ च्या सुरुवातीला एअर, कंबरनॉल्ड, लिव्हिंग्स्टन, पर्थ, ॲबर्डीन इथल्या नियोजित केंद्रांचे काम लांबणीवर टाकण्यात आले आणि लंडनहून येणारा भांडवली निधी घटल्याचे कारण देण्यात आले. लंडनला विचारावे तर स्कॉटलंडमधील आरोग्य हा त्यांचा विषय नाही. ११ सप्टेंबर १९९७ च्या सार्वमतात ७४.३ टक्के मतदारांनी ही संसद मागितली, ती जबाबदार माणूस जवळ असावा म्हणून. तो आता ट्रेनने तासाभराच्या अंतरावर आहे, तरी उत्तर पूर्वीइतकेच दूर आहे, आणि सत्ता विकेंद्रित केली की जबाबदारीही खाली उतरते, हे जे आम्हाला सांगितले गेले, त्यावर विश्वास ठेवणे दिवसेंदिवस अवघड होत चालले आहे.

संसदेला मनात आणले तर चौकशी करता येत नाही, असेही नाही. याच इमारतीचा खर्च सुरुवातीच्या ४० दशलक्ष पौंडांच्या अंदाजावरून ४१४ दशलक्षांवर गेला, तेव्हा लॉर्ड फ्रेझर यांची चौकशी बसली, साक्षी झाल्या, २००४ मध्ये अहवाल आला आणि कोणाचे कुठे चुकले ते लिहिले गेले. भिंतींसाठी जे झाले ते रुग्णांसाठी का होऊ नये?

मी ज्या महाराष्ट्रातून आले, तिथल्या कारभाराची थोरवी गाण्याचा माझा हेतू नाही. सरकारी दवाखान्यांतल्या रांगा मी पाहिल्या आहेत. पण तिथल्या विधिमंडळात आश्वासन समिती नावाची एक समिती असते. मंत्र्याने सभागृहात दिलेले आश्वासन नोंदवले जाते आणि ते पुरे झाले की नाही, याची विचारणा ती समिती करते. तिचे कामही संथ आहे, आश्वासने तिथेही लोंबकळतात, पण निदान त्यांची यादी असते. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात तर अधिसूचित सेवा मुदतीत न देणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे, आणि आयोगापर्यंत अपील करता येते. दंड किती वेळा होतो हा वेगळा वाद आहे; पण मुदत मोडली तर दाद कोणाकडे मागायची, ते तिथे कायद्यातच लिहिले आहे. आपल्या संसदेत अशी समिती नाही आणि आपल्या कायद्यात असा दंड नाही.

म्हणून माझ्या मागण्या आपल्या पदाकडे आहेत. आरोग्य समितीने २०११ च्या कायद्याची अंमलबजावणीनंतरची छाननी करावी, हा प्रस्ताव आपण संबंधितांपुढे ठेवावा, आणि त्या छाननीत प्रतीक्षेत असलेल्या रुग्णांना प्रत्यक्ष साक्षीला बोलवावे. मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या कालबद्ध आश्वासनांची जाहीर नोंदवही ठेवली जावी आणि मुदत उलटल्यावर संबंधित मंत्र्याने सभागृहात येऊन निवेदन करणे बंधनकारक व्हावे. यासाठी कामकाजाचे नियम बदलावे लागतील, पण ते बदलण्याचा अधिकार संसदेलाच आहे. आणि सरकारला १२ आठवड्यांची हमी पाळणे शक्य नसेल, तर त्यांनी कायदादुरुस्तीचे विधेयक आणावे, तिन्ही टप्प्यांतून न्यावे आणि प्रत्येक सदस्याने आपल्या नावावर मत नोंदवावे, म्हणजे निदान ही हमी कोणी काढून घेतली ते आम्हा मतदारांना कळेल.

माझ्या पतीची तारीख आपण द्यावी, अशी माझी अपेक्षा नाही; ते आपले काम नव्हे, हे मला समजते, आणि रांगेत आमच्या पुढे असलेल्या कोणाला मागे सारून ती आम्हाला नकोही आहे. या पत्राचे उत्तर मात्र आपण द्यावे. त्यात कर्मचाऱ्यांचे आभार, निधीचा आकडा किंवा मंडळाचा पत्ता नसावा. वरीलपैकी कोणती गोष्ट आपण करणार, कोणती करणार नाही आणि का, एवढेच असावे. ते आल्यावर मी मराठीत भाषांतर करून सर्वांसाठी प्रसिद्ध करीन.

आपली,
ग्लासगो येथील एक मराठी मतदार