तीन स्वेटर आणि एक जाकीट

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

दिल्लीहून पाठवलेला तुझा फोटो पाहून आई म्हणाली, "पोरगी चांगली गुबगुबीत झालीय." मी चष्मा लावून पाहिलं. पोरगी आहे तेवढीच आहे, अंगावर तीन स्वेटर चढवलेत. आणि वर लिहितेस, "आप्पा, तरी थंडी वाजते." वाजणारच. तीस वर्षं मशीनवर बसलोय, एवढं तरी मला कळतं.

ऊब धरून ठेवते ती दोन कापडांच्या मधे अडकलेली हवा. आजीची गोधडी आठव. एकेक लुगडं आरपार दिसेल इतकं विरलेलं, पण पाच-सहा थर करून धावदोरा घातला की पाय बाहेर काढवत नाही. तू मात्र तिन्ही स्वेटर एकाच मापाचे घेतलेस. एकात एक कोंबले की मधली हवा दबून जाते आणि काखेत चुण्या जमतात. फोटोत तुझे हात अंगापासून लांब उभे राहिलेत ते त्यामुळंच.

अंगालगत पातळ, बेताचं घट्ट इनर घाल. सुती नको. मेट्रोत पळत चढलीस की घाम येतो, सुती कापड तो धरून बसतं आणि बाहेर आलीस की तोच पाठीला गार लागतो. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतका ओलावा पिते, तरी ओली लागत नाही. म्हणून पातळ लोकरीचं एक इनर घेच, महाग असलं तरी. पैसे पाठवतो. त्यावर कुर्ता, मग बिनबाह्यांचं जाकीट, आणि सगळ्यावर सैल कोट नाहीतर शाल. दुपारी ऊन पडलं की वरचं काढून पिशवीत टाकायचं. एकाच जाड स्वेटरचं हेच दुखणं, काढला तर कुडकुडायचं, ठेवला तर घामाघूम.

कोट घेशील तेव्हा आत सगळं घालूनच अंगात चढवून बघ. दुकान नवीन होतं तेव्हा एका नवरदेवाचं माप मी मे महिन्यात नुसत्या बनियनवर घेतलं. लग्न लांबलं ते माघात गेलं. पठ्ठ्या आत स्वेटर घालून आला आणि बाही कोपराच्या वर सरकेना. आर्महोल उसवायला घेतला तर आत माया, म्हणजे शिवणीच्या आतलं जादा कापड, अर्धं बोटसुद्धा सोडलेली नाही. त्याच्या मामानं मला जे सुनावलं ते तुझ्या आईला अजून पाठ आहे. सरोजिनी नगरात कोट पाहशील तेव्हा बाही उलटी करून शिवण बघ. माया असेल तर इथं आणल्यावर मी सैल करून देईन. भाव नंतर कर.

आता दिसण्याचं. आतला कपडा खालून दोन बोटं डोकावला तर चुकून राहिल्यासारखा वाटतो. चांगला वीतभर दिसू दे, नाहीतर अजिबात नको. आणि नक्षी एकाच थराला, बाकीचं साधं. तुझ्या फोटोत चौकडा, पट्टे आणि फुलं तिन्ही एकदम नांदतायत!

म्हणून जाकीट मीच शिवतोय. ट्रंकेत आजीच्या खणाचे तुकडे निघाले, अंजिरी रंगाचे. खणाचा पन्हा लहान, त्यामुळं पाठीला मधोमध जोड आला, पण दोन्ही काठ तिथंच आणून जुळवलेत. जोड आहे हे सांगितल्याशिवाय कळायचं नाही. आतून फ्लॅनेलचं अस्तर लावलंय.

छातीचं माप कळव. इनर आणि कुर्ता घालून घे, आणि टेप मैत्रिणीला धरायला सांग. स्वतः वाकून घेतलंस की माप चुकतं. आई पितळी बटणं घेऊन आलीय, मला लाकडी बरी वाटतात. तू काय ते सांग, म्हणजे काजं करून शनिवारी पार्सल टाकतो.

तुझे,
आप्पा