शेक संपले म्हणजे शरीर पूर्ववत झालं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवाच्या पुरवणीतला किरणोपचारांवरचा लेख वाचला. लेखिकेने मेहनत घेतली आहे, हे मान्य. पण ‘उपचार संपले की शरीर पूर्ववत होते’ हे वाक्य वाचल्यापासून मला चैन नाही.

माझ्या यजमानांना जिभेच्या कॅन्सरसाठी किरणांचे ३३ शेक दिले. रोज २ ग्रे (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजायचं एकक), शनिवार-रविवार सुट्टी. तिसऱ्या आठवड्यात तोंड इतकं सोललं की गार पेजही गिळवेना. शेक संपल्यावर महिन्या-दीड महिन्यात तोंड भरून आलं. चव परतायला चार महिने लागले. ‘आमटीत मीठ कमी आहे’ म्हणाले, त्या दिवशी मी ओट्याशी उभी राहून रडले. एकदम सगळ्या अंगावर ४ ग्रे पडले आणि उपचार मिळाले नाहीत, तर निम्मी माणसं दगावतात. यांना ६६ ग्रे देऊनही रक्त टिकलं, कारण कंबरेची, पाठीच्या कण्याची अस्थिमज्जा, म्हणजे हाडातला रक्त तयार करणारा गर, झोताबाहेर होती. आम्ही घाबरलो तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, १९४९ साली लिऑन जेकबसन यांनी उंदरांची नुसती प्लीहा (उंदरांत तीही रक्त तयार करते) शिशाने झाकली, तर मारक मात्रेतूनही ते वाचले.

इथवर तुमचा लेख बरोबर. पण लाळ? पाच वर्षं झाली, अजून रात्री तीनदा उठून पाणी पितात. आणि जबडा? दीड वर्षाने दाढ दुखली, जवळच्या दवाखान्यात काढून घेतली. शेक झालेत का, हे त्यांनी विचारलं नाही. आम्हीही सांगितलं नाही, कारण सगळं पूर्ववत झालं असंच आम्ही समजत होतो. ती जखम आठ महिने भरली नाही. आत पिवळट हाड उघडं दिसायचं. किरणांनी जबड्यातल्या बारीक रक्तवाहिन्या आटतात, मग तिथलं हाड जखम भरून काढू शकत नाही. खराब दात काढायचे ते शेकांआधी, दोन-तीन आठवडे हाताशी ठेवून. नंतर दाढ दुखलीच, तर आधी शेक देणाऱ्या डॉक्टरांना विचारायचं. एवढं तरी ठळक छापा.

आणि लेखासोबत तो पिवळा-काळा धोक्याचा त्रिकोण कशासाठी? बाहेरून यंत्राने दिलेले किरण अंगात राहत नाहीत. आमच्या सुनेच्या मनात अशीच भीती बसली होती. सात आठवडे नातवाला तिने आजोबांच्या खोलीत जाऊ दिलं नाही. तो उंबऱ्याशी उभा राहून हात हलवायचा, आणि हे आतून.

— एक वाचक, कराड