दुसऱ्या गटातल्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला ठाऊक नाही, आणि कळणारही नाही. अशा अभ्यासांत आयांची नावं बाहेर येत नाहीत, आणि तेच योग्य आहे. मला एवढंच माहीत आहे की २०१७च्या अखेरीपासून २०२०च्या सुरुवातीपर्यंत कधीतरी दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात तुम्ही बाळंत झालात. बाळ एक किलो ते पावणेदोन-एक किलोच्या दरम्यान होतं. इतकं लहान बाळ जन्मल्या-जन्मल्या आईच्या उघड्या छातीशी ठेवलं तर ते जास्त जगतं का, हे बघणाऱ्या एका अभ्यासासाठी तुम्हाला विचारलं गेलं, तुम्ही हो म्हणालात आणि तुमच्या वाट्याला दुसरा गट आला. ज्या गटाला नवं काही दिलं नव्हतं, तो. माझं हे पत्र त्या गटातल्या तुम्हाला आहे. तुम्हाला मराठी येत नसणार. पण लिपी एकच आहे, निम्मं तरी लागेल.

मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. डॉक्टर नाही. माझ्या धाकट्या बहिणीचं बीपी आठव्या महिन्यात एकदम वाढलं आणि रातोरात सिझेरियन करावं लागलं. मुलगी झाली, एक किलो चारशे ग्रॅमची. आमच्याकडे अशा बाळाचं पुढे काय होतं हे सगळ्यांना पाठ असतं: बाळ काचेत, आई वॉर्डात, आणि मधे जिना. माझ्या आईने तर चुलतभावाच्या बायकोला फोन करून सांगूनही टाकलं की पोरीला काचेत ठेवलंय.

पण सिस्टर बाहेर आल्या आणि विचारलं, मावशी कोण? अंघोळ झालीये का? सर्दी-खोकला, अंगावर काही पुरळ वगैरे? मग मला आत घेतलं, पुढून उघडणारा गाऊन दिला आणि ते एवढंसं पोर, नाकात नळी, डोक्यावर टोपडं, बाकी फक्त लंगोट, माझ्या उघड्या छातीवर उभं ठेवून वरून घट्ट कापड बांधलं. बहीण अजून शुद्धीत येऊन धड बोलत नव्हती. तिला हलवता येईपर्यंत तिची जागा मी भरून काढायची होती. नंतर तिची कॉटच आत आली, त्याच खोलीत, बाळाच्या मॉनिटरशेजारी. बाळंतिणीची कॉट नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात! माझ्या आईला हे इतकं विपरीत वाटलं की तिने दोनदा विचारलं, जंतू नाही का जायचे आत?

आईचा प्रश्न चुकीचा नव्हता. मोठमोठे डॉक्टरही वर्षानुवर्षं हाच प्रश्न विचारत आले होते. त्याचं उत्तर मिळालं ते तुमच्यामुळे, म्हणून तर हे पत्र.

मुलगी घरी आल्यावर मी शोधत बसले की हे आपल्याबरोबर केलं कशाच्या जोरावर. सवय आहे, कोणी सूत्र सांगितलं की सिद्धता बघितल्याशिवाय चैन पडत नाही. बाळ असं उघड्या छातीशी बांधून ठेवणं, म्हणजे कांगारू केअर, हे काही नवं नाही. कोलंबियात, बोगोटाच्या एका सरकारी प्रसूतिगृहात १९७८ मध्ये एडगर रे या डॉक्टरांनी ते सुरू केलं. तिथे ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या कमी आणि बाळं जास्त, एका पेटीत दोन-दोन. म्हणून बाळं आयांच्या अंगावर बांधायला सुरुवात झाली. पुढे अभ्यास झाले, फायदा दिसला, जागतिक आरोग्य संघटनेनेही शिफारस केली. पण त्या शिफारशीत एक अट होती: बाळ आधी स्थिर होऊ दे. श्वास, ठोके, साखर, सगळं जाग्यावर येऊ दे, मग आईकडे द्या. आणि या बाळांपैकी जी दगावतात त्यांतली बरीचशी स्थिर होण्याची वाट बघतानाच दगावतात. ज्यांना सगळ्यात जास्त गरज, तीच बाळं अटीपलीकडे राहत होती.

स्थिर होण्याआधीच, जन्मल्या-जन्मल्या आईच्या अंगावर दिलं तर? काहींना वाटायचं फायदा होईल. काहींना वाटायचं, धाप लागलेलं बाळ कापडात गुंडाळून ठेवायचं म्हणजे मरण ओढवून घेणं. दोन्ही बाजूंची माणसं शहाणी होती आणि कोणाकडेच उत्तर नव्हतं. म्हणून पाच रुग्णालयांत एकच अभ्यास उभा राहिला: घानातलं कुमासी, नायजेरियातलं इले-इफे, मलावीतलं ब्लँटायर, टांझानियातलं दार-एस-सलाम आणि तुमचं सफदरजंग. तुमच्याकडे डॉ. हरीश चेल्लानी, डॉ. सुगंधा आर्य आणि त्यांचे सहकारी होते. जागतिक आरोग्य संघटनेकडून या कामाची मोट बांधणारे डॉ. राजीव बहल पुढे आयसीएमआरचे, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे, प्रमुख झाले. त्यांचे आभार मानायला बरेच लोक आहेत, आणि ते मानायलाच हवेत.

कोणतं बाळ कोणत्या गटात जाणार हे डॉक्टरांच्या हातात नव्हतं, आईच्याही नाही; ते चिठ्ठीने ठरायचं. लग्नाच्या पंगतीत गड्याने ओळखीच्याला जास्त जिलबी वाढावी तसं काही होऊ नये म्हणून ही योजना असते. पहिल्या गटातली १,६०९ बाळं लगेच अंगावर दिली गेली. जन्मानंतर साधारण सव्वा तासात, आणि पुढे अतिदक्षता कक्षात असेपर्यंत दिवसाचे सुमारे सतरा तास. आई तिथेच, बाळाजवळ. तुमच्या गटातली १,६०२ बाळं ऊब देणाऱ्या वॉर्मरवर किंवा पेटीत, तुम्ही वॉर्डात. दूध काढून द्यायला यायचं, बघायचं, परत जायचं. तुमच्या बाळाला अंगावर घ्यायला मिळालं ते दोन दिवस उलटून गेल्यावर. पोटावर टाके घेऊन त्या दोन दिवसांत तुम्ही किती वेळा त्या दारापर्यंत आलात, हे कुठल्याही तक्त्यात लिहिलेलं नाही.

आता आकडा सांगते. पहिल्या गटात अठ्ठावीस दिवसांच्या आत १९१ बाळं गेली, शंभरात १२. तुमच्या गटात २४९ गेली, शंभरात १५.७.

ताई, हा बारा आकडा एकटा वाचून बघा. शंभरातली बारा बाळं महिन्याच्या आत गेली! हे ऐकून कोण म्हणेल की या पद्धतीने जीव वाचतात? कुठल्याही रुग्णालयाने नुसतं एवढंच जाहीर केलं असतं तर लोकांनी दगड घेतले असते. बाराला अर्थ आला तो शेजारी तुमचा १५.७ उभा राहिला म्हणून. लोक म्हणतात कांगारू केअरने बाळं वाचली. खरं आहे. पण ती वाचली हे जगाला कळलं ते तुमच्या गटामुळे. पहिल्या गटाने उपचार घेतला. मोजपट्टी तुम्ही झालात. टाळ्या वाजतात त्या पहिल्या गटासाठी. बातम्यांत फोटो येतात तेही छातीशी बाळ घेतलेल्या आयांचेच. वॉर्डातल्या कॉटवर नुसत्या बसलेल्या बाईचा फोटो कोण छापणार?

एक गोष्ट मात्र न्यायाने सांगायला हवी, नाहीतर तुम्हाला फसवलं गेलं असं कोणाला वाटेल. तुमच्या गटाला उपचार मिळाले नाहीत असं नव्हतं. सीपॅप (हवेच्या दाबाने श्वासाला आधार देणारं यंत्र), ऑक्सिजन मोजणारं यंत्र, प्रशिक्षित सिस्टर, आईच्या दुधासाठी मदत, हे दोन्ही गटांना सारखंच होतं. त्या काळी जगात जे सर्वमान्य होतं तेच तुम्हाला मिळालं. आणि उत्तर उलटं निघालं असतं, लवकर अंगावर दिलेली बाळं जास्त दगावली असती, तर आज नशीबवान तुम्ही ठरला असता. चिठ्ठी उघडली तेव्हा कुठली बाजू बरी हे कोणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर अभ्यास करणंच पाप होतं.

आणि ठाऊक झाल्याबरोबर तो थांबवला, हे मला सगळ्यात जास्त भावलं. ठरलं होतं ४,२०० बाळं घ्यायची. पण अशा अभ्यासावर एक स्वतंत्र समिती लक्ष ठेवून असते, मधूनमधून आकडे उघडून बघते. पहिल्या गटात मृत्यू कमी आहेत हे तिला दिसलं आणि तिने सांगितलं, बस, थांबवा. ३,२११ वर थांबले. उरलेल्या हजारभर बाळांपैकी निम्मी तुमच्या गटात आली असती. ती वेळच आली नाही, कारण तोवर तुमच्या बाळांनी उत्तर देऊन टाकलं होतं.

वर्गात मी हे उदाहरण मुलांना दिलं (बाळांचा मृत्यू नववीच्या वर्गात कशाला, असं एका सहकाऱ्यांना वाटलं, मला नाही वाटत तसं). वर्तमानपत्रं लिहितात मृत्यू पंचवीस टक्क्यांनी घटले. १५.७ चे १२ झाले म्हणजे जवळपास पावाने कमी, बरोबर. पण वजाबाकी केली तर फरक शंभरात ३.७. म्हणजे साधारण सत्तावीस बाळं लगेच अंगावर घेतली तर एक जास्तीचं बाळ वाचतं. पहिला आकडा मोठा दिसतो, दुसरा छोटा, दोन्ही खरे. माझी भाची त्या सत्ताविसातली 'ती एक' होती, की कुठेही असती तरी वाचलीच असती, हे कोणी सांगू शकत नाही. मला ते कळायचीही गरज नाही. एका विद्यार्थिनीने विचारलं, मॅडम, कोण कुठल्या गटात हे सगळ्यांना दिसत होतं, मग डॉक्टरांनी पक्षपात केला असेल तर? हुशार पोर. बाळ आईच्या अंगावर आहे की पेटीत, हे लपवता येत नाहीच. पण मृत्यू मोजण्यात डावं-उजवं होत नाही, हे उत्तर मी दिलं, आणि तिला ते पटलं.

माझ्या आईच्या जंतूंच्या प्रश्नालाही तुमच्याच तक्त्यात उत्तर आहे. रक्तात जंतुसंसर्ग झाल्याचा संशय अंगावरच्या बाळांत शंभरात २२.९, तुमच्या गटात २७.८. आई आत आली आणि संसर्ग कमी झाला! बाळाला आईच्या अंगावरचे ओळखीचे जंतू मिळाले असावेत, दहा हातांनी हाताळणं कमी झालं असावं, दूध लवकर सुरू झालं असावं, आणि अंग गार पडण्याचं प्रमाणही उतरलं. नेमका वाटा कशाचा किती हे वेगळं काढता येत नाही. आईला मी हे वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, म्हणजे पूर्वीच्या बायका बाळ पदराखाली घ्यायच्या ते बरोबरच होतं. मी म्हटलं, आई, पूर्वी अशी बाळं पदराखालीच जायची गं. हे सांगावंच लागलं, कारण यातून 'यंत्रं वाईट, आईची माया पुरे' असा निष्कर्ष काढणारे निरोप आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर लगेच फिरू लागले, आणि मला त्याचा राग येतो. सफदरजंगमध्ये यंत्रं बाहेर काढली नव्हती, आईला आत आणलं होतं. जन्मल्यानंतर तासाभरात स्वतःहून श्वास घेऊ न शकलेली बाळं तर या अभ्यासात घेतलीच नव्हती.

तुमच्या आधी हरियाणातल्या फरीदाबाद आणि पलवल जिल्ह्यांतल्या आयांनीही अशाच एका अभ्यासाला होकार दिला होता, घरच्या घरी बाळ अंगावर घेण्याच्या, आठ हजारांहून जास्त बाळांसह. तिथेही जवळपास अर्धा भाग 'नेहमीसारखं' करणाऱ्यांचा होता. त्यांनाही माझा नमस्कार.

तुमचा अभ्यास मे २०२१ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. कोविडची दुसरी लाट होती, आपल्यापैकी कोणाचंही तिकडे लक्ष नव्हतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने 'स्थिर झाल्यावर' ही अट काढली आणि 'जन्मानंतर शक्य तितक्या लवकर' असं लिहिलं, दिवसाचे आठ ते चोवीस तास. तो कागद कुठल्या कुठल्या टेबलांवरून आमच्या जिल्ह्यातल्या त्या सिस्टरपर्यंत आला आणि तिने मला विचारलं, मावशी कोण?

सगळीकडे हे होतंय असं मात्र समजू नका. आईची कॉट आत आणायची म्हणजे जागा लागते, बाळंतिणीला तिथेच तपासायला स्त्रीरोगतज्ज्ञ यावे लागतात, दोन वॉर्डांच्या सिस्टरांनी कामं वाटून घ्यावी लागतात, संडास-बाथरूम जवळ लागतं. एवढ्याशा गोष्टींवर अडतं. अजूनही कितीतरी ठिकाणी बाळ वरच्या मजल्यावर आणि आई खाली, तुमच्यासारखीच. तुमच्या वेळी उत्तर माहीत नव्हतं म्हणून, आता माहीत असून.

तुमचं बाळ त्या २४९ मध्ये होतं की घरी गेलेल्यांत, हे मला माहीत नाही. घरी गेलं असेल तर आता शाळेत जात असेल, आणि मी सुखाने त्याला आशीर्वाद देते. ते दगावलं असेल, तर तुम्हाला काय म्हणावं हे मला सुचत नाही. 'तुमच्या बाळामुळे दुसरी वाचली' हे वाक्य मी लिहून खोडलं. कुठल्याही आईला ते ऐकवण्याचा अधिकार मला नाही. फक्त तुमच्या होकाराखाली तुम्ही सही केलीत किंवा अंगठा उठवलात, त्याबद्दल हात जोडते.

भाची आता धावते, भिंतीवर रेघोट्या मारते आणि माझा चष्मा पळवते. बहिणीने आत्ताच विचारलं, एवढं काय लिहीत बसलीयेस? सांगितलं. ती म्हणाली, माझाही नमस्कार लिही, आणि त्यांना विचार, टाके दुखत असताना इतक्या वेळा जिना कसा चढलात?

तर तिचाही नमस्कार, आणि तिचा प्रश्न.

तुमची,
एक मावशी