पुढून की मागून?

ती. आई-बाबांस सा. न.

बाबा, काल फोनवर चिडलात. "एक डॉक्टर मानेचं ऑपरेशन गळ्याकडून करू म्हणतो, दुसरा मागून. एकाला तरी कळत नसणार!" तसं नाही हो. दोघांनाही मज्जारज्जूवरचा दाबच काढायचाय. पुढून गेले तर दाबणारी मणक्यांमधली गादी काढून मणके प्लेट-स्क्रूने जोडतात. मागून गेले तर मणक्यांच्या मागचं हाड काढून स्क्रू बसवतात, नाहीतर लॅमिनोप्लास्टी करतात. म्हणजे ते हाड एका बाजूने कापून दारासारखं किलकिलं करून ठेवायचं. ही १९७०च्या दशकातली जपानी युक्ती. यात मणके जोडत नाहीत, त्यामुळे मान बरीचशी वळते. स्कूटरवर तुम्ही मागे वळूनच बघता, आरसा नुसता शोभेला!

२०२१ मध्ये 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात १६३ रुग्णांची तुलना छापून आली. दोन्हीकडून करता येईल अशाच माना निवडल्या होत्या. वर्षभराने हिंडण्याफिरण्यात दोन्ही गट सारखेच. त्रास मात्र पुढून केलेल्यांत ४८ टक्क्यांना, मागून केलेल्यांत २४. पुढूनचा मुख्य त्रास घास गिळायचा. लॅमिनोप्लास्टीवाले जास्त बरे दिसले, पण ती कोणाला करायची हे सर्जननेच ठरवलं होतं, म्हणून मी लगेच हुरळले नाही.

खरा प्रश्न तुमच्या मानेच्या बाकाचा, म्हणजे तिच्या नैसर्गिक मागच्या वळणाचा. बाक शाबूत असेल तर मागून जागा केली की रज्जू मागे सरकतो. मान पुढे झुकलेली असेल तर तो पुढच्या हाडावर ताणलेलाच राहतो, मग मागून उघडून फारसा उपयोग नाही. तीन जागी दाब आहे, तेव्हा उभ्याने, मान वाकवून काढलेला एक्स-रे दोघांनाही दाखवा आणि बाक शाबूत आहे का, एवढंच विचारा.

मागून केल्यावर काहींचा खांदा काही महिने उचलत नाही, हेही सांगून ठेवते.

पण "दिवाळीनंतर बघू" नको. गेलेली ताकद सगळी परत येईलच असं नाही. आहे ती राखायचीय. दहा सेकंदांत वीसेक वेळा मूठ उघडमीट व्हायला हवी. तुमची अकरा झाली, मी मोजत होते. आणि आई, शर्टाचं वरचं बटण तू लावून देतेस हे मला का नाही सांगितलंस?

त्या मान मोडून देणाऱ्याकडे यांना अजिबात पाठवू नकोस. रात्री मोरीतला दिवा चालू ठेव.

शनिवारी पहाटेच्या गाडीने येते. एमआरआयची सीडी शोधून ठेवा, नुसत्या फिल्म नकोत.

तुमची,
मनू